तळपायांच्या मुंग्यांपासून व्हेंटिलेटरपर्यंत : यवतमाळ जिल्ह्यातलं जीबीएसचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शोभाताईंचं हे खरं नाव नाही. गाव आणि काही तपशीलही त्यांच्या व घरच्यांच्या संमतीनं बदलले आहेत. वय 36. यवतमाळ जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू शेत, त्यात कपाशी, मधे तुरीच्या ओळी आणि थोडं सोयाबीन. घरात नवरा प्रल्हाद, सासूबाई, बारावीतली मुलगी, नववीतला मुलगा. दिराचं घर भिंतीला भिंत लागून. आपल्या शेतातलं आटोपलं की शोभाताई दुसऱ्यांकडे निंदणाला आणि वेचणीला रोजानं जायच्या. अंगावर दुखणं काढायची सवय, दवाखाना माहीत फक्त बाळंतपणाचा.

मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यावर शोभाताई माझ्याकडे आल्या. त्याआधीचं सगळं घरच्यांच्या बोलण्यातून, केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डावरून जुळवलं आहे. हे सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की जीबीएस म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची स्वतःची एक चाल असते. काही दिवस तो चढतो, मग आहे तिथे थांबतो, मग फार सावकाश उतरतो. घरच्यांना वेळोवेळी निर्णय घ्यावे लागले, आणि आपण यातल्या कोणत्या टप्प्यावर उभे आहोत हे कळलं तेव्हाच ते निर्णय नीट झाले.

सुरुवातीचे दिवस

2024 च्या सप्टेंबरअखेरीस जोराचा पाऊस झाला आणि नाल्याचं पाणी विहिरीत शिरलं. घरात तिघांना जुलाब लागले. शोभाताईंना तीन दिवस त्रास झाला, थोडा तापही आला. आशाताईंनी दिलेल्या ओआरएसच्या पुड्या आणि गोळ्यांनी बरं वाटलं आणि त्या परत कामाला लागल्या. शेतात फवारणी चालू होती. ड्रम भरून देण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

दहा-बारा दिवसांनी तळपायांना मुंग्या आल्या, कंबर दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी शेतातून परतताना उजव्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी निघून गेली, ते त्यांना कळलंच नाही. "मम्मी, तुही एक चप्पल कुठी गेली?" असं मुलीनं विचारल्यावर त्यांनी खाली पाहिलं. त्या संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांनी जुलाबानंतरचा अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं, ताकदीचं इंजेक्शन दिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या शौचाला बसल्या आणि उठता येईना. सासूबाईंनी काखेत हात घालून उठवलं. संध्याकाळी कणीक मळायला घेतली तर बोटांनी दाब देता येईना. आशाताई त्याच वेळी घरावरून जात होत्या म्हणून त्यांना हे दिसलं.

तीन तर्क

रात्री घरात तीन मतं पडली, आणि तिन्हीला आधार होता.

दिराचं म्हणणं, साप. कपाशीच्या दिवसांत घरात जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही आणि सकाळी माणूस लुळा पडलेला असतो. हे आमच्या भागात सगळ्यांना ऐकून नव्हे, पाहून माहीत आहे.

प्रल्हादला फवारणीच्या विषाची शंका होती. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून फवारणीनंतर कोणाला काहीही झालं की पहिला विचार तोच येतो.

सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं आहे. ज्या बाईनं कधी डोकं धरलं नाही तिचे पाय तिसऱ्या दिवशी उचलत नाहीत, मग आणखी काय असणार? शेजारच्या गावच्या जाणत्याला सकाळी आणायचं ठरत होतं. आशाताईंनी वाद घातला नाही. "जाणत्याले बोलवा, पण सकायी पहिले पीएचसीत दाखवून येऊ," एवढंच त्या म्हणाल्या आणि गाडीही त्यांनीच सांगून ठेवली. पुढच्या चोवीस तासांतला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता, असं मला वाटतं. सासूबाईंची श्रद्धा मोडायच्या नादात ती रात्र आणि कदाचित पुढचा दिवसही भांडणात गेला असता.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली तपासणी

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिन्ही तर्क तपासून पाहिले. मण्यारीच्या विषात आधी पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो आणि लुळेपणा वरून खाली उतरतो. बहुतेकदा पोटातही दुखतं. शोभाताईंचा लुळेपणा पायांतून वर चढला होता आणि त्याला तीन दिवस लागले होते. फवारणीच्या औषधांपैकी ऑरगॅनोफॉस्फेटची विषबाधा झाली असती तर डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या असत्या, लाळ आणि घाम सुटला असता. यातल्या काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू शकतात, पण तशा माणसाला आधी विषबाधेचा मोठा झटका येऊन गेलेला असतो. शोभाताईंना तसं काही झालं नव्हतं.

मग त्यांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. घोट्याला मारली, तरी नाही. दोन्ही बाजूंनी चढत जाणारा अशक्तपणा, हातोडीला प्रतिसाद नाही आणि दोन आठवड्यांपूर्वी जुलाब, एवढ्यावर त्यांनी चिठ्ठीवर जीबीएसची शंका लिहिली. एमआरआय नाही, रक्ताचा रिपोर्ट नाही. इतका मोठा निष्कर्ष एका हातोडीवर निघू शकतो, हे अजूनही पुष्कळांना खरं वाटत नाही.

त्यानंतर त्यांनी सांगितलं, "ताई, खोल श्वास घ्या आणि एका दमात एकपासून जितके जमतील तितके आकडे म्हणा." निरोगी माणूस सहज तीसच्या पुढे जातो. शोभाताई चौदावर थांबल्या. उशीवरून मान उचलायलाही त्यांना कष्ट पडत होते, आणि मान उचलणारे स्नायू सैल झाले की श्वासाचा पडदाही सैल पडत चालला असण्याची शक्यता मोठी. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर मात्र 98 आकडा होता. तो पाहून दिराचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की या आजारात ऑक्सिजनचा आकडा सगळ्यात शेवटी पडतो, आणि तो पडेपर्यंत थांबलं तर हातात काही मिनिटंच उरतात.

आजार कोणता

गुइलेन-बॅरे सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस. 1916 साली फ्रान्सच्या गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तिघांनी दोन सैनिकांवरून त्याचं वर्णन केलं. वर्षाला लाखात एखाद-दोघांना होतो. बहुतेकांना आधी जुलाब किंवा सर्दी-ताप येऊन गेलेला असतो. जुलाबातला एक नेहमीचा जंतू म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय. त्याच्या आवरणावरचा एक भाग आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकासारखा असतो. जंतूला मारायला शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं मग आपल्याच तंतूंवर चालून जातात. विजेच्या वायरवरचं प्लॅस्टिक सोलून निघावं तसं तंतूंचं आवरण जातं, काहींमध्ये आतली तारही तुटते. शोभाताई आजारी पडल्या तेव्हा गावात हे नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात साथ आली आणि पेपरात रोज जीबीएस छापून यायला लागलं, तेव्हा दिरानं ते पान जपून ठेवलं. नातेवाइकांना दाखवायला.

कुठे न्यायचं

तीन पर्याय होते. तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात लगेच भरती करून घ्यायला तयार होते, पण तिथे व्हेंटिलेटर नव्हता. नागपूर दीडशे किलोमीटर, तिथे सगळं आहे, आणि नात्यातल्या दोघांचा आग्रह होता की एकदाचं नागपूरलाच न्या. तिसरा पर्याय जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी रुग्णालय, अंतर निम्मं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी निकष एकच लावला : सगळ्यात जवळचा रिकामा व्हेंटिलेटर. त्यांनी स्वतः फोन करून खाट आहे का विचारलं, मगच 108 बोलावली. रुग्णालयात पोचल्यावर शोभाताई एका दमात नऊपर्यंत मोजू शकल्या, आणि त्याच रात्री तोंडातून श्वासाची नळी टाकून व्हेंटिलेटर लावावा लागला. नागपूरच्या वाटेवर काय झालं असतं, हे सांगायची गरज नाही.

औषध आणि पैसे

जीबीएसवर दोनच उपचार सिद्ध झालेले आहेत. एक, इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं. दोन, प्लाझ्मा बदलणं, म्हणजे रक्तातला द्रव भाग यंत्रानं काढून दुसरा भरणं. दोन्हींचा गुण सारखाच. नुसत्या स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. प्लाझ्मा बदलण्याची सोय त्या आठवड्यात तिथे होऊ शकत नव्हती आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला हलवणं धोक्याचं होतं, म्हणून इम्युनोग्लोब्युलिन ठरलं. वजनाच्या दर किलोला रोज 0.4 ग्रॅम, पाच दिवस. शोभाताईंचं वजन 50 किलो, म्हणजे एकूण 100 ग्रॅम. पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या, आणि एकेक बाटली हजारोंची.

प्रल्हाद बैलजोडी विकायला निघाला होता. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रानं त्याला थांबवलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि रुग्ण तातडीचा असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून दिले तरी चालतात. अडचण वेगळीच निघाली. रेशनकार्डावर शोभाताईंचं माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. ते जुळवायला दिराची तहसीलपर्यंत धावाधाव झाली. औषध मात्र थांबलं नाही.

थांबलेले दिवस

सगळ्यात कठीण काळ औषध संपल्यावर आला.

पाच दिवस इंजेक्शनं झाली. सहाव्या दिवशी शोभाताईंचं बोटही हललं नाही, सातव्याही दिवशी नाही. डोळ्यांच्या पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, म्हणून रात्री थेंब टाकून कागदी पट्टी लावायचे. रक्तदाब मधेच वर जाई, मधेच पडे. दहाव्या दिवसाच्या सुमाराला डॉक्टरांनी गळ्यातून नळी टाकायला परवानगी मागितली. "गया कापाले सही मागते," अशी बातमी गावात गेली. एका नातेवाइकानं लकव्यावर कबुतराचं रक्त लावणाऱ्याचा पत्ता आणला. दुसऱ्यानं सांगितलं, इतकं महागाचं औषध लागू पडलं नाही म्हणजे संपलं, घरी नेऊन शेवटचे दिवस तरी सुखाचे करा. प्रल्हाद स्वतःच्या जबाबदारीवर सुटी घ्यायच्या कागदापर्यंत पोचला होता.

त्याला अडवलं एका निवासी डॉक्टरनं, आणि तेही एका रेघेनं. औषधाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी पेनानं एक चढ काढला, मग सरळ आडवी रेघ, मग लांबलचक उतार. चढाच्या टोकावर पेन ठेवून म्हणाले, "औषधानं हा चढ इथे अडवला. आता आपण या आडव्या रेघेवर आहोत. उतार सुरू व्हायला आठवडे लागतील, आणि तो औषधानं होत नाही, तंतू आपले आपण भरून येतात." ज्या तंतूंची आतली तार तुटते, ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंतचं अंतर प्रल्हादनं मनाशी मोजलं असावं. ते पाकीट अजून त्याच्याकडे आहे.

दिरानं विचारलं, आणखी एक कोर्स दिला तर? बैल विकून आणू. डॉक्टरांनी नाही म्हटलं. वाईट अवस्थेतल्या रुग्णांना दुसरा कोर्स देऊन नेदरलँड्समध्ये चाचणी झाली आहे, 2021 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फायदा दिसला नाही, उलट रक्ताच्या गाठींचा धोका वाढलेला दिसला. बैल वाचले ते या उत्तरामुळे. गळ्यातल्या नळीला प्रल्हादनं सही केली, आणि तिच्यामुळे तोंड मोकळं झालं, कफ काढणं सोपं झालं.

या सगळ्यात शोभाताई पूर्ण शुद्धीवर होत्या, आणि याचा घरच्यांना विसर पडला होता. जीबीएसमध्ये मेंदूला काही होत नाही. अंग दगडासारखं पडलं तरी माणूस आत जागा असतो. खाटेशेजारी उभं राहून लोक तेराव्याचा खर्च आणि लेकीच्या लग्नाचं बोलत होते. "मले सारं आयकू येत होतं," शोभाताईंनी मला नंतर सांगितलं. "बोलता येत नोतं एवढंच."

हे पहिल्यांदा ओळखलं मुलीनं. आईची नजर आपल्यामागे फिरते, हे तिच्या लक्षात आलं. तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर वर्णमाला ओळींनी लिहिली. ओळीवर बोट ठेवायचं, बरोबर असेल तर आईनं नजर वर करायची. मग त्या ओळीतलं अक्षर. पहिला शब्द आला, "पाठ". एका कुशीवर तासन् तास ठेवल्यानं पाठीला आग लागली होती, आणि जीबीएसमध्ये पाठीचं दुखणं फार असतं. त्या दिवसापासून नर्सताईही आधी पुठ्ठा धरायच्या, मग कूस बदलायच्या.

व्हेंटिलेटर तीन आठवड्यांनंतर सुटला. खांदे आधी हलले, मग कोपर. डिसेंबरच्या मध्यावर त्या घरी आल्या, तेव्हा आधार देऊन बसता येत होतं, उभं राहता येत नव्हतं.

घरी

योजनेनं रुग्णालयाचा खर्च उचलला. त्याबाहेरचं सगळं घरावर पडलं : मागे राहणाऱ्यांचं जेवण, गाडीभाडं, कमोडची खुर्ची, सोंगणीविना शेतातच तडकलेलं सोयाबीन, आणि वेचणीला मजूर लावावे लागले ते वेगळंच.

मी गेले तेव्हा दोन गोष्टी पाहिल्या. पाऊल पुढे पडून राहत होतं. तसंच राहिलं तर टाच आखडते आणि पुढे ताकद आली तरी चालता येत नाही. प्रल्हादनं त्याच दिवशी बाजेच्या पायथ्याला फळी ठोकली, तिला गोधडी गुंडाळली, आणि दोन्ही तळवे तिला टेकवून ठेवायचं ठरलं. दुसरी गोष्ट, टाचेवर भाजल्याचा फोड होता. रात्री पायांची आग होते म्हणून सासूबाईंनी तापलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक दिला होता. त्या पायाला दुखणं भरपूर कळत होतं, चटका मात्र कळत नव्हता. आग आणि बधिरपणा एकाच पायात असू शकतो, हे सासूबाईंना पटायला वेळ लागला. शेक बंद झाला, फोड भरायला महिना गेला. आगीसाठी डॉक्टरांनी गॅबापेंटिन दिलं.

व्यायामाचा निर्णय अवघड होता. घरच्यांना वाटे, जितकी मेहनत करेल तितकी लवकर उठेल. भरून येत असलेल्या तंतूंना अति ताण दिला की दुसऱ्या दिवशी आहे ती ताकदही कमी वाटते. आम्ही एक नियम ठेवला : आजच्या व्यायामाचा थकवा उद्या सकाळी उरला असेल, तर उद्या निम्माच करायचा. बोटांसाठी मी स्पंजचा चेंडू दिला होता. शोभाताईंनी तो बाजूला ठेवला आणि टोपलीभर बोंडं मागवली. बाजेवर बसून एकेका बोंडातला कापूस चिमटीनं काढायचा. सुरुवातीला एका बोंडाला किती वेळ लागे ते पाहवत नव्हतं, पण अंगठ्याची पकड या कामानं जितकी सुधारली तितकी चेंडूनं सुधारली नसती.

मुलीनं फेब्रुवारीत बारावीची परीक्षा दिली. अभ्यास रुग्णालयाच्या व्हरांड्यात आणि बाजेशेजारी झाला होता. टक्के घसरले.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या सलाईनच्या वेळी कोणी गुडघ्यावर हातोडी मारली असती, तर दोन दिवस वाचले असते. मुंग्या आल्या, पाठोपाठ चालण्यात फरक पडला आणि आधीच्या महिन्यात जुलाब होऊन गेलेले असले, तर सलाईन लावण्याआधी हे पाहायला मिनिटही लागत नाही. एका दमात आकडे मोजायला लावणं तर आशाताई किंवा घरचं कोणीही करू शकतं. विसाच्या आत अडकलं किंवा सकाळपेक्षा संध्याकाळी कमी भरलं, तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, निघायचं.

अतिदक्षता विभागात रुग्ण शुद्धीवर आहे की नाही, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते झालं असतं तर शोभाताईंना कानावर पडलं त्यातलं बरंच टळलं असतं. त्या म्हणतात, दुखण्यापेक्षा ते बोलणं जास्त लागलं.

घरी सोडताना कागदावर औषधं होती, पण फळीचं, शेकाचं, बसून शौचाला जाण्याच्या सोयीचं एक वाक्य नव्हतं. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळवून ठेवणं हे तर निरोगीपणीच करायचं काम आहे. या गावात आशाताईंनी नंतर घरोघर जाऊन ते तपासलं आणि अशी किती तरी कार्डं निघाली.

सध्याची स्थिती

वर्षभरानंतर शोभाताई घरात काठीशिवाय चालतात. शेताच्या धुऱ्यावरून चालायला उजव्या पायात अजून पट्टी लागते, कारण पाऊल वर उचलत नाही. पायाची बोटं बधिर आहेत. दुपारनंतर असा थकवा येतो की पडावंच लागतं, आणि धडधाकट दिसणारी बाई दुपारी का झोपते, हा प्रश्न शेजारी अजून विचारतात. स्वयंपाक सकाळचा त्या करतात, संध्याकाळचा प्रल्हाद. त्याला भाकर थापता येत नव्हती, आता येते. विहिरीत क्लोरीन टाकायला ग्रामपंचायतीच्या मागे तोच लागलेला असतो.

या हंगामात सीतादई, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाल्यावर त्या स्वतःच्या शेतात दोन तास वेचणीला बसल्या. वेचणी किलोवर असते आणि दोन तासांत रोज पडत नाही, त्यामुळे दुसऱ्यांकडे जाणं बंदच आहे. अपंगत्वाच्या तात्पुरत्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आहे, तपासणीची तारीख यायची आहे. तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी त्या माझ्याकडे येतात, आणि मी आधी हातोडी काढते. गुडघ्याला आता थोडा प्रतिसाद मिळतो, घोट्याला अजून नाही.